एम्लिनचा ब्रेक आणि माझे पाय

एम्लिन प्रॉसर कशावरही विश्वास ठेवत नसे. बायकोने भरून दिलेला डबा तो मार्स्टन स्टेशनातल्या आमच्या विश्रांतीच्या खोलीत उघडायचा, पावाचा वरचा तुकडा उचलायचा, आत बेकनच आहे ना ते बघायचा आणि मगच तोंडात घालायचा. तीस वर्षं बेरिलने त्याला बेकनच घालून दिलं होतं. मी एकदा म्हटलं, "अरे, तिला तुला विष घालायचं असतं तर केव्हाच घातलं असतं."

"विषाची भीती नाही गं," तो म्हणाला. "चीजची आहे. तिची बहीण राहायला आली की ती चीज घालते."

चौदा वर्षं मी त्याच्या गाडीची गार्ड होते. तो पुढे, मी मागे, मध्ये दोन डबे आणि त्यात चाळीस-पन्नास माणसं, बहुतेक आमच्यावर रागावलेली. ब्रेक त्याच्या हातात, दारांची किल्ली माझ्या हातात. दारं लागली की मी दोन घंट्या द्यायची, तो दोन घंट्या परत द्यायचा आणि गाडी हलायची. तरी प्रत्येक स्टेशनावर हा बाबा खिडकीतून डोकं काढून मागे बघणारच. मला सुरुवातीला फार राग यायचा. "ग्लेनिस बफ्टन काय गंमत म्हणून घंटा वाजवते?" असं मी विचारलं तर म्हणायचा, "तुझ्याबद्दल काही नाही पोरी, घंटेची तार जुनी आहे." मी तेव्हा चाळिशीला टेकले होते, पण त्याच्या लेखी पोरीच.

मार्स्टन ते लेडक्लिफ ही आमची लाइन. एकेरी रूळ, अकरा स्टेशनं आणि अर्ध्याहून जास्त रस्ता झाडीतून. वाफेच्या इंजिनांच्या काळात रुळांच्या कडेला झुडूपही उगवू देत नसत. ठिणगीने आग लागेल म्हणून माणसांच्या टोळ्या वर्षभर कोयते चालवायच्या. इंजिनं गेली, मग टोळ्या गेल्या आणि झाडं आली. उन्हाळ्यात लोक खिडकीतून बघून "काय सुंदर!" म्हणायचे. ऑक्टोबर संपता संपता तीच पानं रुळांवर पडायची, चाकांखाली चिरडायची आणि करपलेल्या तव्यावर बसतो तसा काळा थर रुळावर बसायचा. तो नखाने खरवडून निघत नाही. वरून दंव पडलं की मग विचारायलाच नको.

प्रवाशांना हे काही केल्या पटत नसे. "पानं पडली म्हणून गाडी उशिरा? उद्या म्हणाल फुलपाखरू आडवं आलं!" हेथरकोटच्या पोस्टातल्या बाई दर वर्षी हेच म्हणायच्या आणि दर वर्षी नव्याने हसायच्या. मी त्यांच्या तिकिटाला भोक पाडून पुढे सरकायची. त्यांना काय सांगणार?

एम्लिनला मुसळधार पाऊस आवडायचा. त्याचं वैर दंवाशी आणि भुरभुर पावसाशी. "धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो," तो म्हणायचा. "भुरभुर पाऊस नुसता साबण लावून जातो." नव्या ड्रायव्हरांना त्याच्या हाताखाली शिकायला पाठवत, तेव्हा तो पहिल्या दिवशी त्यांना सांगायचा, "पानगळीत ब्रेक मागायचा नसतो, विचारायचा असतो." ब्रेकच्या दांड्याला तीन खाचा. एरवी दुसऱ्या खाचेत टाकला की गाडी निमूट थांबते. पानगळीत मात्र पहिली खाच, तीही दुप्पट लांबून, आणि मग वाट बघायची. चाकाने रूळ धरला तर थोडा आणखी. घसरलं तर ब्रेक सोडायचा, चाक फिरू द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घाबरून एकदम तिसऱ्या खाचेत घातलं तर चाकं जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरगुंडीवरच्या पोरासारखी सुटते.

मार्स्टन सोडल्यावर पहिल्याच मैलात एकदा ब्रेक लावून बघायचा असा नियम आहे. बाकीचे ड्रायव्हर एकदा लावत. हा तीनदा. मग पुढे रेंगाळत, चाचपत, प्रत्येक स्टेशनाला बिचकत आमची गाडी चार मिनिटं उशिराने लेडक्लिफला लागायची आणि शिव्या मला बसायच्या.

हा त्याचा स्वभाव जन्मापासूनचा म्हणावा तर बेरिल म्हणते की नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो १९८७ पासून बिघडला. त्या वर्षी जुन्या गाड्या जाऊन नव्या आल्या. जुन्या गाडीत ब्रेकचा लोखंडी ठोकळा थेट चाकाच्या कडेवर घासायचा. आवाज भयंकर, पण त्या घासण्याने चाक आपोआप साफ व्हायचं. नव्या गाड्यांत ब्रेक आतल्या चकतीला लागतो आणि चाकावर पानांचा राप तसाच राहतो. कारकुनांनी कागदावर बघून गाड्या घेतल्या होत्या, कागदाला पानगळ नसते. पहिल्याच नोव्हेंबरात एम्लिन लेडक्लिफच्या अलीकडे एका स्टेशनावरून गाडीच्या लांबीइतका पुढे घसरला. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. त्याच्या कागदावर एक लाल नोंद झाली. दुसरी झाली की ड्रायव्हरकी संपली, हा डेपोचा शिरस्ता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात, एम्लिन त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला.

आता माझ्या पायांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.

गार्डला पुढचं काही दिसत नाही. मी तिकिटं फाडत डब्यात असायची आणि स्टेशन यायच्या आत मागच्या दाराशी पोचायला हवं. कुणी सांगत नाही, पण पायांना कळतं. ब्रेक लागला की जमीन पायाखालून किंचित पुढे ओढली जाते, अंगठे बुटात रुततात. त्यावर मी चालायची. एम्लिनचा ब्रेक इतका हलका की प्रवाशांच्या चहाला लाटही येत नसे, पण मला कळायचा. आमच्या डेपोतला दुसरा ड्रायव्हर डेस्मंड, त्याचा ब्रेक वेगळा, धसमुसळा. डोळे बांधून मला कुठल्याही गाडीत बसवलं असतं तरी पुढे कोण आहे ते मी सांगितलं असतं. याचा मला गर्व होता. आणि कुणाची गाडी घसरली की मी मनात म्हणायची, लावला असेल उशिरा, आता पानांना दोष देतोय.

१९९४ च्या उन्हाळ्यात मला एम्लिनबद्दल शंका यायला लागली. तो एकोणसाठचा झाला होता. कामाच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागला की तो दोन पावलं मागे सरकून वाचायचा. माझ्या हातातलं वर्तमानपत्र लांब धरून बघायचा. एकदा तर बेरिलची चिठ्ठी मला वाचायला दिली. "अक्षर खराब आहे तिचं," म्हणाला. बेरिलचं अक्षर छापल्यासारखं आहे. माझ्या मनात पाल चुकचुकली. याचे डोळे गेलेत आणि हा लपवतोय, असं मी ठरवून टाकलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर वाचायचा चष्मा घ्यायला कंटाळतो एवढंच निघालं असतं. पण संशयी माणसाबरोबर चौदा वर्षं काढली की त्याची लागण होते, आणि मी ती त्याच्यावरच उलटवली.

नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. रात्रभर दंव पडलेलं, वारा नाही. आमची सकाळची गाडी हेथरकोटला सात चाळीसला लागते. हेथरकोटच्या अलीकडे मोठा उतार, दोन्ही बाजूंना बीच नावाची पानगळीची उंच झाडं. आधी दगडाची जुनी खाण लागते, मग पाव मैलावर रूळवाल्यांची पडकी खोली, मग दगडी पूल, मग फलाट. फलाट संपतो तिथे सिग्नल आणि त्याच्यापुढे रस्त्याचं फाटक. पानगळीत ब्रेक ही खोली यायच्या आत लागलाच पाहिजे, हा नियम.

मी मागच्या डब्यात तिकिटं तपासत होते. खिडकीतून पडकी खोली मागे गेलेली मी पाहिली, आणि पायांना काहीच नव्हतं. जमीन सरळ. मी मनात म्हटलं, एम्लिन, अरे लाव. पूल आला तेव्हा गाडीने एकदम हिसका दिला, सुटली, पुन्हा हिसका दिला. फलाट आला आणि खिडकीतून सरकत गेला. पोस्टातल्या बाई तोंड उघडं टाकून बघत होत्या. लाल सिग्नल गेला. गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड रस्त्याच्या मधोमध होतं. फाटक अजून उघडंच होतं, आणि दूधवाल्याची गाडी आमच्या नाकापासून चार हातांवर उभी होती. दूधवाला खाली उतरून गवतात ओकत होता.

कुणाला खरचटलंही नाही. मी रुळांच्या कडेने चालत पुढे गेले. एम्लिन खाली उतरून रुळावर बोट फिरवून बघत होता. बोट काळं झालं. त्याने ते मला दाखवलं.

"बघ," तो म्हणाला.

"बघितलं," मी म्हटलं.

डेपोचा मॅनेजर किर्कहॅम याला मोटारीने यायला चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं आम्ही दोघं कुंपणाला टेकून उभे होतो. त्याच्या थर्मासमधला चहा आम्ही एकाच झाकणातून प्यायलो. तो दूधवाल्याबद्दल बोलला, बेरिलला कसं सांगायचं त्याबद्दल बोलला. मी फक्त हं हं करत होते. ब्रेक कुठे लावलास हे मी विचारलं नाही. मला वाटत होतं मला माहीत आहे, आणि त्याला माझ्यासमोर खोटं बोलायला लावू नये.

मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला अशा वेळी तिथे ब्रेक तपासून बघायला सांगतात आणि त्याने रूळ कसा आहे ते कळवायचं असतं. पुढची गाडी एक तासाने आली. त्याने कळवलं, रूळ चांगला आहे, काही त्रास नाही. तोवर ऊन झाडांच्या वर येऊन उतारावर पडलं होतं, दंव वाळलं होतं. एम्लिनने ते सांगून बघितलं. किर्कहॅम वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "ऊन. बरं." जेमतेम तिशीतला माणूस, वाईट नव्हता, पण वरून त्याच्या मानेवर कुणीतरी बसलेलं असायचं.

त्याच दुपारी मी माझा जबाब लिहून दिला. पडकी खोली मागे गेली तेव्हा ब्रेक लावलेला नव्हता. पहिला ब्रेक पुलावर लागला. खाली सही केली. मला वाईट वाटत होतं, पण दूधवाल्याचा चेहराही डोळ्यांसमोर होता. डोळे गेलेल्या माणसाच्या हातात पन्नास जीव द्यायचे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि स्वतःच उत्तर दिलं. स्वतःला मी फार प्रामाणिक समजत होते.

त्या क्षणापासून नियम लागू झाला. चौकशी संपेपर्यंत ड्रायव्हर आणि साक्षीदार गार्डने आपसात बोलायचं नाही. एम्लिनला घरी बसवलं, मला दुसऱ्या पाळीत टाकलं. त्या गाड्यांत काय घडलं ते नोंदवणारं यंत्र नसायचं, त्यामुळे कागद गोळा करणं एवढीच चौकशी. डॉक्टरने एम्लिनचे डोळे तपासले. लांबचं त्याला डेपोतल्या कुणाहीपेक्षा चांगलं दिसत होतं. हे ऐकलं तेव्हा मी म्हटलं, मग लक्ष नसेल. संशयाचा एक पाय तुटला तर तो दुसऱ्यावर उभा राहतो. फिटरांनी चाकं तपासली. घसरल्याचे चपटे चट्टे सापडले. पण चट्टा कुठे पडला हे चाक सांगत नाही. किर्कहॅमचं म्हणणं, उशिरा लावला म्हणून जोरात लावावा लागला, म्हणून चट्टे. राहता राहिला माझा जबाब, आणि त्याची एक प्रत नियमाप्रमाणे एम्लिनला पाठवली गेली.

डेपोत लोक माझ्याशी तोलून मापून बोलायला लागले. कुणी म्हणे ग्लेनिसने बरं केलं, म्हातारा थकलाच होता. कुणी मी आले की खुर्ची सरकवून उठे. किर्कहॅमने नवा हुकूम काढला, की हेथरकोटला आता खोलीपासून नाही, खाणीपासूनच ब्रेक लावायचा. बैल गेला आणि झोपा केला.

सुनावणी बुधवारी होती. आदल्या दिवशी, मंगळवारी, मला लेडक्लिफहून परतीची गाडी घ्यायची होती, म्हणून सकाळच्या गाडीने मी नुसती बसून चालले होते. गाडीवर डेस्मंड होता. डब्यात हीटर बंद. तो म्हणाला, "ये गं पुढे, इथे ऊब आहे. नाहीतर किर्कहॅमला आणखी एक जबाब लिहून देशील, ड्रायव्हरने गारठवलं म्हणून." मी टोमणा गिळला आणि त्याच्या केबिनमध्ये उभी राहिले. चौदा वर्षांत उतारावर पुढे उभं राहायची ती माझी पहिली वेळ.

सकाळ तशीच होती. दंव, वारा नाही, झाडांखाली सावली. खाण आली. डेस्मंडने दांडा पहिल्या खाचेत टाकला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा वर चढला. मी पायांकडे लक्ष दिलं. काही नाही.

"लावलास?" मी विचारलं.

"आंधळी आहेस का? समोर तर लावला."

वेगाचा काटा हललाही नव्हता. डेस्मंडने तोंडातल्या तोंडात शिवी हासडली, ब्रेक सोडला, पुन्हा लावला. मग दुसरी खाच. पडकी खोली खिडकीतून मागे गेली. पाव मैल ब्रेक लावलेला होता आणि माझ्या पायांखाली जमीन अगदी सरळ, फलाटावर उभं राहावं तशी. पूल आला, चाकाने रूळ धरला, गाडीने हिसका दिला, सुटली, पुन्हा हिसका दिला. अगदी तेच. फक्त डेस्मंडला पाव मैल जास्त लांबून सुरुवात केलीय हे समाधान होतं, आणि तरी तो सिग्नलच्या खालीच जाऊन थांबला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"हरामखोर पानं," तो म्हणाला. "काय गं, पांढरी का पडलीस?"

पायांना ब्रेक कधी कळलाच नव्हता. पायांना कळायचं ते गाडीचं मंदावणं. रुळाने चाक धरलंच नाही तर ड्रायव्हरने ब्रेक लावला काय आणि न लावला काय, मागे उभ्या असलेल्या बाईला दोन्ही सारखंच. चौदा वर्षं घसरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला मी मनात उशिराचा चोर ठरवत आले होते. आणि एकाला तर कागदावर.

एम्लिनला फोन करावा असं वाटलं. पण नियम होता, आणि सुनावणीच्या आदल्या दिवशी तो मोडला तर माझं म्हणणं कोण ऐकणार? म्हणून मी रात्री नवा जबाब लिहिला आणि बुधवारी सकाळी सुनावणीच्या आधी किर्कहॅमच्या टेबलावर ठेवला.

त्याने तो सावकाश वाचला. "मिसेस बफ्टन, अडीच आठवड्यांपूर्वी तुम्ही अगदी ठाम होता."

"तेव्हा मी चुकले होते."

"चौदा वर्षं तुम्ही एकत्र काम केलंत. डेपोत लोक तुमच्याशी नीट बोलत नाहीत, हेही माझ्या कानावर आहे. आणि आज, सुनावणीच्या दिवशी, तुमचे पाय चुकले. तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?"

मी त्याच्या जागी असते तर हेच समजले असते. हातात कोलीत मीच दिलं होतं. तरी म्हटलं, "उद्या सकाळी माझ्याबरोबर केबिनमध्ये उभे राहा साहेब. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"त्याचा उपयोग नाही," तो म्हणाला, आणि त्याने एक कागद माझ्याकडे सरकवला. एम्लिनचं अक्षर. सोमवारची तारीख. ब्रेक मी उशिरा लावला असला पाहिजे. चूक माझी आहे. खाली सही.

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. आणि खरं सांगते, पहिला विचार जो आला तो लाज वाटावी असाच होता. म्हणजे लावलाच होता उशिरा! कुंपणाला टेकून माझ्याबरोबर चहा प्यायला, काळं बोट दाखवलं, आणि सगळं नाटक. मी त्याच्यासाठी रात्रभर जागून लिहिलं आणि हा मला मूर्ख बनवत होता.

एम्लिनची ड्रायव्हरकी त्या दुपारी गेली. त्याला यार्डात टाकलं. रिकाम्या गाड्या माणसाच्या चालीने धुलाईच्या शेडपर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या, पेन्शन मिळेपर्यंत सोळा महिने. तीन दिवस मी रागात काढले. रविवारी त्याच्या घरी गेले. राग खरा होता की मला खोटं ठरायचं नव्हतं, ते आता सांगता येत नाही.

दार बेरिलने उघडलं. "आलात का?" एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. एरवी ती मला तू म्हणते.

एम्लिन स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "खरं सांग. ब्रेक कुठे लावलास?"

"आता काय करायचंय?"

"मला कळायला हवं."

त्याने बटाटा पाण्यात टाकला. "खाणीपाशी. पहिली खाच. मला तरी तसंच आठवतंय."

"मग ते लिहून का दिलंस?"

"तुझा कागद आला ना." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पहिले चार दिवस तुला शिव्या घातल्या. विचार हिला. मग विचार करायला लागलो. माणसाच्या आठवणीचं काय, त्याला सोयीचं तेच आठवतं. ड्रायव्हर घसरला की प्रत्येकाला वाटतं आपण वेळेवर लावला होता. मी सत्त्याऐंशीलाही तेच म्हणत होतो. मग म्हटलं, माझ्या आठवणीवर मी तरी कशाला विश्वास ठेवू? पण चौदा वर्षं मी खिडकीतून मागे बघत आलोय पोरी. स्टेशनात शिरतानाही बघायचो. ब्रेक लागला की तू दाराशी. एकदा आधी नाही, एकदा नंतर नाही. इतकं बरोबर या रेल्वेत काही नव्हतं. घड्याळ नाही, सिग्नल नाही. ग्लेनिस म्हणते लागला नव्हता, तर लागला नसणार. म्हणजे मी संपलो. म्हटलं, कुणाला मारायच्या आत सही करून मोकळं व्हावं."

बेरिल ओट्याशी पाठ करून उभी होती. ती म्हणाली, "हे रात्री उठून अंधारात हात पुढे मागे करायचे. दांडा कधी ओढला ते आठवायला."

मग मी सांगितलं. डेस्मंडची केबिन, खाण, काटा, माझे पाय. मी बोलत असताना त्याने सुरी खाली ठेवली आणि किर्कहॅमने विचारले नव्हते इतके प्रश्न विचारले. दंव होतं का? ऊन कुठवर आलं होतं? कितव्या खाचेत? हवेचा काटा चढलेला तू स्वतः बघितलास की डेस्मंडने सांगितलं? वेग किती? पूल येईपर्यंत काहीच नाही, नक्की? मी एकेकाचं उत्तर दिलं. पुढे मी दोन अर्ज केले, युनियनने अपील केलं, आणि ड्रायव्हरच्या स्वतःच्या सहीपुढे काही चालत नाही असं उत्तर दोनदा आलं. तो सोळा महिने यार्डातच राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. पण त्या रविवारी हे काही माहीत नव्हतं. त्या वेळी तो फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

"मग लावला होता मी," तो म्हणाला.

"लावला होतास."

"खाणीपाशी."

"हो."

बेरिलने नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण एम्लिनने मान हलवली.

"त्या सकाळी चाळीस मिनिटं आपण कुंपणापाशी उभे होतो," तो म्हणाला. "मला एकदा विचारायचं होतंस, ग्लेनिस."